पाण्याची खूण
(डोंगरी ओढ्यावरील नौकाप्रवासाच्या तयारीविषयी)



या व्याख्यानमालेत यापूर्वी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागातील मराठी शिक्षण अशा विषयांवर जाणकारांनी विवेचन केले आहे. त्यांच्या पंक्तीला बसावे अशी माझी योग्यता नाही. मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला एक अभियंता. नोकरीत पाणी अडवले आणि सुटीच्या दिवशी त्याच पाण्यातून होडी हाकली, एवढीच माझी पुंजी. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी तेच सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “स्मृतिव्याख्यानाला हे चालेल का?” मी म्हटले, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमतो त्या गुरुजींना तरी चालले असते; कारण या विद्येचा पहिला धडा मी त्यांच्याकडूनच घेतला आहे.

तो प्रसंग १९७४ च्या श्रावणातला. गुरुजी आम्हाला भूगोल शिकवीत. कणकुंबीजवळची पाणलोट रेषा ते फळ्यावर अशी काढीत की ती आजही डोळ्यांसमोर आहे. एका बाजूचा पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या बाजूचा म्हादईतून मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला. “एकाच ढगाची दोन लेकरे, एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला,” असे ते म्हणत. हे प्रत्यक्ष दाखवायचे म्हणून जांबोटीच्या पुढे एका ओढ्यावर सहल ठरली. आदल्या दिवशी गुरुजींनी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिले आणि सर्वांकडून मोठ्याने वाचून घेतले. वाक्य असे होते : ‘काठी बुडाली की परत.’

ओढ्यावर पोहोचल्याबरोबर त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. आम्ही डबे उघडण्याच्या बेतात होतो. पाऊण तास झाला असेल. काठीच्या बुडाशी चार बोटे पाणी चढले. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, ऊन पडले होते. गुरुजी म्हणाले, “चला पोरांनो, गाडीत बसा.” कोणी रडले, कोणी रुसले. पुऱ्या गाडीत खाल्ल्या. पुढे काय झाले? काहीच नाही. ओढ्याला पूर आला असे कोणी सांगितले नाही, बातमी आली नाही. आम्ही पुढची दोन वर्षे गुरुजींच्या काठीची टिंगल केली. त्या टिंगलीत मी पुढे होतो हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

आता विषयाकडे येतो. डोंगरी ओढ्यावरचा नौकाप्रवास म्हणजे सुटीत पैसे भरून मोठ्या रबरी तराफ्यात बसतात तो नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ऋषिकेशची गंगा, दांडेलीची काळी, कोलाडची कुंडलिका या ठिकाणी पाण्याचे मान साधारण ठाऊक असते. काळी आणि कुंडलिकेवर तर धरणातून, वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर सारा खेळ चालतो. वीजघर बंद तर राफ्टिंग बंद. ओढ्याचे तसे नाही. तो अरुंद, उताराचा, दगडांनी भरलेला आणि स्वतःच्या मर्जीचा. त्याच्यावर एकेकट्याने बसायच्या लहान होड्या, म्हणजे कयाक, घेऊन उतरतात. त्याचे पाणी सोडणारा कोणी अधिकारी नाही. पाऊस हाच अधिकारी, आणि तो सूचना देत नाही.

अशा प्रवासाची तयारी घरी, नकाशावर सुरू होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधले अंतर बहुधा २० मीटर. ओढ्याच्या निळ्या रेषेवर धागा ठेवून तो किती समोच्च रेषा ओलांडतो ते मोजायचे. चार सेंटिमीटरांत तीन टप्पे उतरला, तर दोन किलोमीटरांत ६० मीटर, म्हणजे किलोमीटरला ३० मीटर उतार झाला. मोठ्या नदीच्या मानाने हे फार झाले. तराफ्याच्या गंगेला एवढे उतरायला कितीतरी किलोमीटर लागतात. पण सरासरी हा फसवा शब्द आहे. ते ३० मीटर किलोमीटरभर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असतील, किंवा पंचवीस मीटर एकाच कड्यावरून. म्हादईवरच, आपल्या खानापूर तालुक्यात, वज्रपोहा आहे. नकाशावर एकमेकींना चिकटलेल्या त्या रेषा पाहून ज्याला तिथे धबधबा दिसत नाही, त्याने होडी विकत घेऊ नये.

नकाशानंतर पाय. ज्या ओढ्यावर आषाढात उतरायचे तो वैशाखात कोरडा असताना तळातून चालून पाहावा. पाण्याखाली काय आहे ते तेव्हाच कळते : कोणता खडक खालून पोखरलेला आहे, कुठे दोन दगडांमध्ये माणसाचे पाऊल अडकेल अशी खाच आहे, कुठे बंधारा आहे. बंधाऱ्याविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण मी स्वतः ते बांधले आहेत. वरून पाहणाऱ्याला धबधबा भीषण वाटतो आणि हातभर उंचीचा, काठापासून काठापर्यंत सरळ असलेला बंधारा निरुपद्रवी वाटतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. सरळ भिंतीवरून सारखे पडणारे पाणी पायथ्याशी पुन्हा भिंतीकडे वळते आणि एक आडवा गरगरणारा लोट तयार होतो. त्यात सापडलेली वस्तू बाहेर फेकली न जाता भिंतीकडेच ओढली जाते. नैसर्गिक धबधबा वाकडातिकडा असतो, त्याला कुठेतरी सुटायची वाट असते. अभियंत्याने बांधलेली भिंत सरळ असते, तिला वाट नसते. बंधारा दिसला की होडी खांद्यावर घ्यावी आणि काठाने चालावे. यात चर्चा नको.

आता प्रश्न येतो पाणी किती, हा. साऱ्या तयारीचा गाभा तिथे आहे, आणि मला सर्वांत अधिक बोलायचे आहे तेही त्याच्याचविषयी. ओढ्याचा एक सरळ भाग निवडा. रुंदी मोजा, समजा १२ मीटर. काठीने पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा, समजा ०.६ मीटर. मग २० मीटर अंतर आखून एक लाकडाचा तुकडा सोडा आणि घड्याळ पाहा. दहा सेकंदांत गेला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर. तळाशी पाणी हळू वाहते म्हणून सुमारे ०.८५ ने गुणायचे : १.७. तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १२ घनमीटर पाणी. सहावी-सातवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे.

आता त्याच जागी पाणी फक्त फूटभर चढले असे समजा. खोली दीडपट झाली. पण खोली वाढली की वेगही वाढतो. हिशेब केला तर तो सुमारे १.३ पट होतो. म्हणजे पाणी जवळजवळ दुप्पट झाले. आणि खडकावर किंवा अडकलेल्या माणसावर पडणारा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, तो पावणेदोन पटींच्या जवळ गेला. काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र काय दिसते? फूटभर! चढलेले पाणी पुष्कळदा आधीपेक्षा सपाट आणि सोपेही दिसते, कारण दगड झाकले जातात.

शिवाय आणखी एक गोष्ट घडते. वाहत्या पाण्यात मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे, वरच्या दिशेला फिरते. नावाड्याला तो आसरा असतो. तिथे होडी थांबवायची, श्वास घ्यायचा, मान वळवून पुढचे पाहायचे, मागच्याला हात करायचा. ओढ्यावरचा प्रवास म्हणजे एका आसऱ्यातून दुसऱ्या आसऱ्यात केलेल्या उड्या. पाणी चढले की खडक बुडतात आणि हे आसरे एकेक करून नाहीसे होतात. कालचा ओढा पायऱ्यांचा जिना होता, आज ती घसरगुंडी झाली. खळाळत्या पाण्याची पहिलीपासून सहावीपर्यंत जी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, ती म्हणूनच त्या दिवशीच्या पाण्याची प्रतवारी समजावी, ओढ्याची नव्हे. गेल्या महिन्यात कोणी “तिसऱ्या प्रतीचा आहे” असे सांगितले, तर ते गेल्या महिन्यापुरते खरे.

हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याला निदान दिनक्रम असतो; सूर्य तापला की दुपारनंतर पाणी चढते, पहाटे उतरलेले असते. आमच्या सह्याद्रीला दिनक्रम नाही. बेळगाव शहरात वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस, आणि तिथून फार दूर नसलेल्या कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट. खाली सत्तरीत ऊन पडलेले असताना वर घाटमाथ्यावर काय चालले आहे ते दिसत नाही. २०२१ च्या जुलैत म्हादईने सत्तरीत घरादारांची काय दशा केली ते येथील अनेकांनी पाहिले आहे. म्हणून निघण्यापूर्वी घाटावरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. पर्जन्यमापकाच्या आकड्यापेक्षा “रात्री कौलांचा आवाज किती होता” हे तो अधिक नेमके सांगतो.

२०१२ पासून म्हादईवर उस्ते ते सोनाळ या पट्ट्यात पावसाळ्यात पर्यटकांसाठी राफ्टिंग सुरू झाले, तेव्हा आम्हा चार-पाच जणांना हुरूप आला. वय पन्नाशीच्या पुढे, पण तब्येती बऱ्या होत्या आणि ऋषिकेशला शिकून आलो होतो. मुख्य नदीवर जमू लागले तसे तिला मिळणाऱ्या एका ओढ्यावर डोळा गेला. त्याचे नाव मी सांगत नाही; सांगितले तर उद्या कोणीतरी जाईल. तयारी आम्ही चांगली केली होती. मे महिन्यात पाच किलोमीटर तळातून चाललो. उतार मोजला. परवानगीचा अर्ज केला. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आणि आपल्याकडचे भीमगड २०११ पासून अधिसूचित आहे, तिथे वनखात्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. हेल्मेट, लाइफजॅकेट, शिट्ट्या, प्रत्येकाकडे थैलीत भरलेली वीस मीटरची फेकायची दोरी, दोर कापायला चाकू. एक गाडी वर, एक खाली. आणि गुरुजींची आठवण ठेवून, ओढ्यावरच्या लहान पुलाच्या खांबावर तांबड्या रंगाची खूण केली होती : पाणी खुणेच्या वर असेल तर उतरायचे नाही.

२०१४ चा जुलै. पुलावर पोहोचलो तेव्हा पाणी खुणेच्या चार बोटे वर होते.

त्यानंतरची दहा मिनिटे मला शब्दशः आठवतात. एक म्हणाला, खूण जरा खालीच केली होती. दुसरा म्हणाला, पहाटेपासून पाऊस थांबला आहे, म्हणजे उतरतीच असेल. तिसऱ्याने रजेचा प्रश्न काढला. मी काय म्हणालो? मी या गटातला पाण्याचा अभियंता. मी म्हणालो, “चार बोटांनी काय होते?” ज्याला तो गुणाकार तोंडपाठ होता त्याने हे म्हटले, आणि अभियंता म्हणतो म्हणून बाकीच्यांनी मानले. खूण खांबावर होती तिथेच राहिली. आम्ही ती मनातल्या मनात चार बोटे वर सरकवली.

तिसऱ्या किलोमीटरवर एका वळणाआड आंब्याचे झाड ओढ्यात आडवे पडले होते. मे महिन्यात ते काठावर उभे होते. पडलेले झाड हे ओढ्यावरचे सर्वांत मोठे भय. ती गाळणी आहे, पाणी फांद्यांतून जाते आणि माणूस मागे राहतो. वळणाच्या अलीकडे एक खडक होता, त्याच्यामागे थांबून पुढचे पाहायचे असे मे महिन्यात वहीत लिहिले होते. तो खडक पाण्याखाली गेला होता. पुढे असलेला माझा मित्र थांबू शकला नाही. होडी आडवी होऊन झाडाला लागली, उलटली, आणि तो फांद्यांत कमरेपासून अडकला. डोके पाण्याच्या वर होते, तेही कधीकधी.

आमच्यातला सर्वांत तरुण त्याच्याकडे पोहत जायला निघाला. त्याला मी आणि आणखी एकाने धरून ठेवले. त्या दिवशीचा तेवढा एक निर्णय बरोबर होता. दूधकोसीतून १९७६ साली कयाक घेऊन उतरलेले ब्रिटिश डॉक्टर माइक जोन्स दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, काराकोरममधल्या ब्राल्डू नदीत सहकाऱ्याच्या मदतीला जाताना बुडाले. असे जोन्स बुडू शकतात, तर आपण कोण? आम्ही काठाने वरच्या बाजूला गेलो, दोरी टाकली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा त्याच्या हाताला लागली. दुसरी दोरी पलीकडच्या काठावरून. त्याला बाहेर काढायला किती वेळ लागला याविषयी आम्हा चौघांचे आजही चार हिशेब आहेत. त्याचा खांदा निखळला होता. फोनला रेंज नव्हती. खालची गाडी दोन किलोमीटरवर, मध्ये जंगल, आणि जळवा. वाळपईला पोहोचेपर्यंत अंधार झाला.

तो मित्र आज या सभागृहात बसला आहे. या शाळेचाच विद्यार्थी. उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. ही हकीकत सांगू का असे त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सांग, पण झाडाला दोष देऊ नको.”

झाडाला दोष देता येणार नाही. झाडे पडतातच, म्हणून तर वळणाआधी थांबायचे असते, आणि थांबायचे ठिकाण चार बोटे पाण्याने गिळले होते. मी पुष्कळ विचार केला की आमच्या तयारीत काय उणे होते. साहित्य उणे नव्हते, माहिती उणी नव्हती. खूणसुद्धा योग्य जागी होती. उणे एवढेच, की खूण ओलांडली गेली तर पुलावर चर्चा होणार नाही, असे आम्ही एकमेकांना घरी असताना सांगितले नव्हते. गुरुजींनी ते फळ्यावर लिहून आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले होते. पन्नास पोरांना काठावर विचारले असते तर पन्नासही जण “थांबूया” म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी काठावर विचारलेच नाही.

१९७७ साली एडमंड हिलरी जेट होड्या घेऊन गंगासागरापासून गंगेच्या उलट दिशेने हिमालयाकडे निघाले होते. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. वर्तमानपत्रांतून रोज वाचत असू. नंदप्रयागजवळ अलकनंदेतल्या एका धबधब्याने होड्यांची वाट अडवली. ज्याने एव्हरेस्ट चढले त्याने तिथे होड्या थांबवल्या आणि पुढची वाट जमिनीवरून धरली. आम्हा मुलांना तेव्हा ते थोडे खट्टू वाटले होते. त्या वेळी आमचे मन अजून गुरुजींच्या काठीवर हसणारेच होते.

त्या काठीच्या दिवशी पूर आला नाही म्हणून आम्ही गुरुजींना चुकीचे ठरवले होते. पूर आला असता तर थोर ठरवले असते. दोन्ही वेळा काठी तीच, चढलेले पाणी तेच, निर्णय तोच. नंतर काय घडले याच्याशी त्या निर्णयाच्या बरोबर-चूक असण्याचा संबंध नव्हता, हे समजायला मला चाळीस वर्षे आणि एका मित्राचा खांदा लागला. उलट बाजूही सांगतो. त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत आम्ही मुख्य नदीवर चढत्या पाण्यात उतरलो होतो आणि हसतखेळत परत आलो होतो. ते हसतखेळत परत येणे हाच आमचा सर्वांत वाईट शिक्षक ठरला.

आता थोडे व्यवहाराचे. शाळेतल्या वरच्या वर्गातील काही मुलामुलींनी आज सकाळी मला गाठून विचारले, “आजोबा, आम्हाला न्याल का?” मी नाही म्हटले नाही. पण त्यांच्या पालकांसमक्ष माझ्या अटी येथेच सांगून टाकतो. पहिले वर्ष होडी नाही. तरणतलावात पोहणे, मग उन्हाळ्यात एखाद्या शांत डोहावर होडी उलटवून बाहेर पडण्याचा सराव, शंभर वेळा. वाहत्या पाण्यात पडलो तर पाय पुढे, पाठीवर, आणि गुडघ्याच्या वर पाणी असताना उभे राहायचा प्रयत्न नाही. पाऊल दगडात अडकले तर पाणी माणसाला वाकवून खाली धरते. दोरी फेकण्याचा सराव मैदानावर, दर रविवारी. तीनपेक्षा कमी होड्या कधी नाहीत. प्रशासनाचा बंदी आदेश असेल तर त्यावर माझ्याशी वाद नाही. येत्या मे महिन्यात आपण एक ओढा तळातून चालू. प्रत्येकाने वही, पेन्सिल आणि मोजपट्टी आणावी. होडी आणू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी एकाने फळ्यावर ते वाक्य लिहावे. खडू मी आणीन. माझ्या मित्राने, डाव्या हाताने का होईना, ते लिहायचे कबूल केले आहे.